बंद घरांतील पिसवा

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणें आणि कोलाड यांच्या दरम्यान रोहें तालुक्यांतील खांब हें गांव लागतें. तेथील आमचें वडिलोपार्जित घर वर्षांतील बहुतेक महिने बंदच असतें. गेल्या वैशाखांत मुलांबाळांसह आम्ही तेथें उतरलों, माजघरांतील जुन्या गालिच्यावर टेकलों, आणि घटकाभरांतच जो तो पायाचे घोटे खाजवूं लागला. धाकट्या नातवाच्या पोटऱ्यांवर तर लाल गांध्यांच्या ओळीच उठल्या. फडताळामागें एक मांजरी पिलांसह मुक्काम ठोकून होती. तिला पोत्यांत घालून दूर सोडावें आणि गालिचा जाळून टाकावा, असा तरुण मंडळींचा एकमुखी निवाडा झाला. आत्याबाई तेवढ्या म्हणाल्या, “लेकुरवाळीला घालवूं नका. आधीं घर झाडा!” त्यांचें म्हणणें शास्त्रास किती धरून होतें, हें आम्हांस थोड्या वाचनानंतर कळलें.

अंगावर उडणारी पिसू हा या संकटाचा केवळ दिसणारा भाग होय. मांजराच्या अंगावर तिनें घातलेलीं अंडीं गुळगुळीत असल्यामुळें खालीं ओघळतात आणि गालिच्याच्या विणींत, जमिनीच्या भेगांत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून धुळींत राहतात व मोठ्या पिसवांच्या रक्तमिश्रित विष्ठेवर पोसतात. पुढें त्या रेशमी कोश विणतात. त्यास धूळ चिकटते, आणि धुराचा किंवा औषधाचा त्यांत सहसा शिरकाव होत नाहीं. कोशांतील पिसू भक्ष्याची चाहूल लागेपर्यंत कित्येक आठवडे, प्रसंगीं महिनेही, दम धरून बसते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास यांनीं ती जागी होते. म्हणूनच बंद घरांत माणसांचा वावर सुरू होतांच पिसवांची फौज उठते. मांजरी घालविली असती, तर या भुकेल्या फौजेला आम्हीच उरलों असतों!

बंद घरांतील पिसवांचें याहून भयंकर रूप महाराष्ट्रानें पाहिलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मराठवाड्यांत अनेकांनीं भीतीनें घरें सोडलीं. आंत सांठविलेल्या धान्यावर उंदीर माजले, असें पुढें सांगण्यांत आलें. १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं उंदीर मेले, पिसवांचा त्रास वाढला, आणि मग प्लेगचे रुग्ण आढळले. उंदरांवरील पिसू प्लेग पसरविते, हें पॉल-लुई सिमाँ यांनीं १८९८ सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें होतें. मांजराच्या पिसवांनीं इतकें घाबरण्याचें कारण नाहीं. परंतु घरांत उंदीर आपोआप मरून पडूं लागले, तर त्यांस हात न लावतां आरोग्य केंद्रास कळवावें.

आता उपाय. गालिचा, सतरंज्या अंगणांत काठीनें झोडून कडक उन्हांत दोन्ही बाजूंनीं वाळवाव्या. अंथरुणें कढत पाण्यांत धुवावीं. कोपरे, भेगा, फडताळाखालची जागा रोज झाडावी; धूळ ओढून घेणारें यंत्र असल्यास उत्तमच, मात्र त्यांतील केर लागलाच घराबाहेर टाकावा. भेगा बुजवाव्या. पिलांना बारीक दातांच्या फणीनें विंचरून फणी साबणाच्या पाण्यांत बुडवावी. मांजराचें औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें. कुत्र्यांच्या कांहीं औषधांतील पर्मेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततें. कोश एकदम फुटत नाहींत, म्हणून हा क्रम तीन-चार आठवडे तरी सोडूं नये.

आम्हीं तो सोडला नाहीं. रोज सायंकाळीं पांढरे मोजे घालून माजघरांत फेरी मारावयाची व मोज्यांवरील काळे ठिपके मोजावयाचे, हें काम नातवानें आपणांकडे घेतलें. निघण्याच्या आदल्या दिवशीं त्याचे मोजे स्वच्छ होते. गालिचा धुऊन, वाळवून, गुंडाळून आम्हीं आढ्याला टांगला. मांजरीला व पिलांना आत्याबाई आपल्या घरीं घेऊन गेल्या.