मोटारसायकलचे तेल पाहता का?

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारण्याआधी तेलाची पट्टी काढून पाहणारी आपली मागची पिढी. त्याच घरात आज मोटारसायकलचे तेल कोणी पाहत नाही. राजदूत, यझदी या टू-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे. १९८५ साली हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. अशा गाडीत तेल इंजिनाच्या पोटात असते, तेही जेमतेम लिटरभर, आणि ते हळूहळू जळते. संपले की पिस्टन धरलाच, ऐन तोडणीत इंजिनचे काम निघते.

नायगावकडे प्लॉट पाहायला गेलो असता एका सभासदाने गाडी साइड स्टँडवरच ठेवून पट्टी काढली. कोरडी दिसली म्हणून पाव लिटर ओतले! अहो, गाडी डावीकडे कलली की उजवीकडची पट्टी कोरडी दिसणारच. जास्त झालेले तेलही सील फोडून बाहेर येते.

गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावा. तीन-चार मिनिटे चालू ठेवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा. पट्टी पुसून आत सोडा. हिरो होंडाला आटे फिरवायचे नाहीत, दुसऱ्या गाडीचे तिच्या पुस्तकात पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. चहासारखे पांढरट दिसले तर पाणी शिरले समजा. गाडी चालू न करता मिस्त्रीला बोलवा.

— ऊस विकास अधिकारी