घरातले दोन संगणक बोलेनासे झाले तर



आता पुष्कळ घरी संगणक आला आहे. काही घरी दोन आहेत. एका संगणकातली फाईल दुसऱ्यात न्यायची असली की आपण पेन ड्राईव्ह शोधत बसतो. पण दोन्ही संगणक घरातल्या राउटरला जोडलेले असले तर पेन ड्राईव्ह लागत नाही. राउटर म्हणजे ती लुकलुक दिवे लागणारी पेटी. एखादा फोल्डर दुसऱ्या संगणकालाही उघडता येईल असा ठेवायचा, याला शेअर करणे म्हणतात.

यात गंमत अशी की इंटरनेट लागतच नाही. नेट गेलं किंवा रिचार्ज संपला तरी फाईल जाते. राउटरला वीज असली की झालं. कारण फाईल घराबाहेर जात नाही. ती सोप्यातून माजघरात जावी तशी जाते.

याचा उपयोग काय? माझ्या आईच्या बचत गटात बारा जणी आहेत. त्यांचा हिशेब आमच्या जुन्या संगणकात आहे. तो संगणक एकाएकी बंद पडला तर कुणाचे किती पैसे जमले हे कसं कळणार? म्हणून दर शनिवारी त्या फाईलची प्रत दादाच्या लॅपटॉपमध्ये ठेवतात.

पण कधी कधी एक संगणक दुसऱ्याला दिसतच नाही. मग माणसं चिडतात आणि दिसेल ते बटण दाबतात. असं करू नये. डॉक्टर कसे आधी नाडी बघतात, मग जीभ, मग पोट? तसंच एकेक तपासावं. एक गोष्ट बदलली की लगेच करून बघावं. म्हणजे दुखणं कुठं होतं ते कळतं. दादाने मला जो क्रम शिकवला तो मी खाली देत आहे. तो विंडोजच्या संगणकांसाठी आहे.

१) दोन्ही जागे आहेत का? संगणक काही वेळ नुसता राहिला की झोपी जातो. झोपलेला संगणक फाईल देत नाही. आधी त्याला उठवा.

२) दोन्ही एकाच राउटरला आहेत का? पुष्कळदा लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असतो आणि दुसरा संगणक राउटरवर. मग ते दोन वेगळ्या गावात राहिल्यासारखे होतात. काही राउटरवर पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाचं वेगळं वाय-फाय असतं. त्यावर असलेल्याला सहसा घरातले संगणक दिसत नाहीत.

३) पत्ता बघा. प्रत्येक संगणकाला राउटर एक पत्ता देतो. शोधायच्या जागी 'सीएमडी' लिहिलं की काळी खिडकी उघडते. तिच्यात 'आयपीकॉन्फिग' असं इंग्रजीत लिहून एंटर दाबा. समजा, एकाचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.१.८ आला. बहुतेक घरी पहिले तीन आकडे सारखे असतात. म्हणजे गल्ली एक, घर वेगळं. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला तर समजा की राउटरने पत्ता दिलाच नाही. वायर बघा आणि राउटर बंद करून पुन्हा चालू करा. मग त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' आणि पुढे दुसऱ्याचा पत्ता लिहा. संगणक चार हाका मारतो. ओ आली तर रस्ता ठीक आहे. ओ आली नाही तरी घाबरू नका, चौथी गोष्ट बघा.

४) पहारेकरी अडवतो का? विंडोज प्रत्येक वाय-फायला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' म्हणतं. पब्लिक म्हणजे एस.टी. स्टँडसारखी जागा. तिथे संगणक तोंड लपवून बसतो. प्रायव्हेट म्हणजे आपलं घर. नवीन वाय-फाय जोडलं की संगणक बहुधा त्याला पब्लिकच समजतो. आमच्याकडे नवा राउटर आला तेव्हा हेच झालं होतं. सेटिंगमध्ये जाऊन घरच्या वाय-फायला प्रायव्हेट करावं. मग 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाईल अँड प्रिंटर शेअरिंग' हे दोन्ही चालू आहेत का बघावं. काही जण वैतागून फायरवॉल म्हणजे पहारेकरीच बंद करून टाकतात. तसं मुळीच करू नये. दार उघडावं, भिंत पाडू नये.

५) नावाने नाही तर पत्त्याने बोलवा. कधी कधी यादीत दुसऱ्याचं नाव दिसत नाही, पण संगणक असतो. फोल्डरच्या खिडकीत वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा काढून पुढे पत्ता लिहा. उघडलं तर फक्त नाव सापडत नव्हतं, बाकी ठीक आहे.

६) परवानगी आहे का? संगणक दिसतो पण फोल्डर उघडत नाही, तर अडचण कुलपाची आहे. ज्या संगणकात फोल्डर आहे त्याचं नाव आणि पासवर्ड लागतो. इथे पुष्कळ लोक चार आकडी पिन टाकतात. पिन फक्त त्याच संगणकापुढे बसून चालतो, दुसरीकडून चालत नाही. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्यालाही सहसा आत घेत नाहीत. शिवाय परवानग्या दोन असतात, एक शेअरची आणि एक फोल्डरची. दोन्हींत जी कडक ती चालते. आमच्या घरी हिशेबाचा फोल्डर दादाला फक्त वाचता येतो, बदलता येत नाही. बारा जणींचा पैसा आहे, चुकून आकडा बदलायला नको.

७) संगणक फार जुना आहे का? फाईल देण्याघेण्याच्या भाषेला एसएमबी म्हणतात. विंडोज एक्सपीला तिची फक्त पहिली आवृत्ती येते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' हा दुष्ट प्रोग्रॅम त्याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभरच्या संगणकांत शिरला. इंग्लंडमध्ये दवाखान्यांचीसुद्धा कामं अडली. म्हणून नवे संगणक ती भाषा सहसा बंद ठेवतात. एक्सपीसाठी ती पुन्हा चालू करू नये. अशा वेळी आपला पेन ड्राईव्हच बरा. मात्र तो आधी तपासून घ्यावा.

बघा, सात गोष्टींत कुठेतरी दुखणं सापडतंच. नेटवाल्याला बोलवायच्या आधी हा क्रम करून बघा. पहिल्या दोन गोष्टी तर पैसा न लागता दोन मिनिटांत बघून होतात.

पालकांना विनंती आहे की त्यांनी हा क्रम वहीत उतरवून घ्यावा. आणि ज्यांच्या घरी महत्त्वाचे कागद एकाच संगणकात आहेत, त्यांनी आजच त्याची दुसरी प्रत करून ठेवावी. खाली मी राउटर आणि दोन संगणकांचं चित्र काढलं आहे, तेही बघावं.

— इयत्ता ४ थी