रांधणारीचा रकाना

घरचं स्वस्त पडतं की विकतचं, हा वाद मराठी घरांत दिवाळीच्या तोंडावर हमखास होतो. एका बाजूला तयार चकलीच्या पाकिटाची किंमत, दुसऱ्या बाजूला भाजणी, तेल आणि गॅस. बेरीज होते आणि घरची चकली जिंकते. या हिशेबात रांधणारीच्या वेळेचा रकानाच नसतो. तो भरला तर निकाल फिरतो का, हा माझा जुना प्रश्न. त्याचं सर्वांत भरीव उत्तर मला मुंबईच्या गिरणगावात मिळालं, कारण तिथे घरच्याच चुलीवरच्या जेवणाला पिढ्यान्‌पिढ्या रोख भाव लागत होता.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून गिरणीत आलेले बहुतेक गडी एकटेच राहत, बायकापोरं गावी. पाळ्या बदलतील तशी एकाच खोलीत आलटूनपालटून पथारी टाकणाऱ्या या माणसांना जेवू घालत खाणावळवाल्या बायका. त्यांच्या हिशेबाकडे वळण्याआधी एक कागद मात्र नजरेआड करता येत नाही. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे आणि सहाशे एकट्या पुरुषांचे जमाखर्च गोळा केले. जी. फिंडले शिरास यांनी सिद्ध केलेला तो अहवाल १९२३ मध्ये छापून आला. त्याचा निष्कर्ष असा, की कामगाराच्या पोटात जाणारं धान्य दुष्काळ संहितेतल्या कमाल मापाइतकं भरतं, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीतल्या शिध्यापेक्षा कमी पडतं. म्हणजे सूत कातणाऱ्यापेक्षा कैद्याची सोय बरी होती. पूर्वीचं घरचं जेवण सकस होतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे वाक्य वाचावं. भाकरी तव्यावरून थेट ताटात आली तरी ती अपुरी असू शकते, आणि जेवणाचा दर्जा चुलीच्या आधी पगारावर ठरतो.

खाणावळवालीचा हिशेब तर आणखी बोलका आहे. धान्य वाण्याकडून उधार, रॉकेल रोखीने, भांडवल सावकाराचं, आणि येणं महिन्याच्या पगाराला. हे सगळं चुकतं करून जे उरेल ती तिची मजुरी. काही वेळा काहीच उरत नसे. १९७३-७४ च्या सुमाराच्या गिरणी संपात दीडेक महिना पगार बंद होता, तरी या बायकांनी कामगारांची ताटं थांबवली नाहीत. भांडी, दागिने गहाण पडले. संप मिटल्यावर लढ्यातला त्यांचा वाटा कुणाच्या लक्षात राहिला नाही. तो लक्षात ठेवला प्रेमा पुरव यांनी. गोवा मुक्तिसंग्रामात पायाला गोळी लागलेल्या या कार्यकर्तीने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. पहिल्या गटात चौदाच जणी होत्या. तारण ठेवायला कुणाकडे काही नव्हतं, म्हणून त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्या हाती आलं. सावकाराचं व्याज सुटलं. ताटाचा भाव किंवा भाकरीचा आकार न बदलताही रांधणारीच्या पदरात जास्त पडू शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. माझ्या मते मराठी अन्नव्यवहारातला हा फार मोठा शोध आहे आणि पाककृतींच्या पुस्तकांनी त्याची जेमतेम दखल घेतली आहे.

यावर आक्षेप येतो, की तो काळ गेला. आता बायका नोकरी करतात आणि त्यांना पाकिटांनीच मोकळं केलं. मॅगी १९८३ मध्ये आली, तयार इडलीचं, गुलाबजामचं पीठ त्याआधीच आलं होतं, आणि थकून आलेल्या बाईने पाकीट फोडलं तर तिला बोल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण मोकळीक किती मिळाली? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. यात धुणं-भांडीही आली, हे खरं; तरी बायकांची दहा मिनिटं वाचली तेव्हा पुरुषांनीही नऊ मिनिटं वाचवली, याकडे डोळेझाक करता येत नाही.

दर्जाचं म्हणाल, तर अमेरिकेत संशोधक केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पुरेसा आहे. वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधं रांधलेलं दिलं. वाढलेल्या जेवणात साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते, तरी कारखानी अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. मात्र त्याच प्रयोगात रोज २००० कॅलरींच्या हिशेबाने आठवड्याच्या साध्या शिध्याला १५१ डॉलर लागले, कारखानी अन्नाला १०६. तिथे गरिबाला पाकीट खरोखरच स्वस्त आहे. आपल्याकडे वरणभाताचा किराणा अजून पाकिटाहून स्वस्त पडतो. महाग पडतो तो वेळ. म्हणून स्वस्त पाकिटाचा अमेरिकी उपाय आपण उचलण्याचं कारण नाही. आपल्याकडे तिसरा मार्ग आधीपासून आहे: दुसऱ्या कुणी त्याच दिवशी रांधलेलं, पैसे मोजून घेतलेलं जेवण. घरखर्चाच्या सरकारी पाहणीच्या ठळक आकड्यात हा भेद दिसत नाही. २०२३-२४ मध्ये शहरी माणसाच्या मासिक खर्चातले ११ टक्क्यांहून अधिक पैसे पेयं आणि तयार पदार्थांवर गेले, असं सांगताना वेफर्सचं पाकीट आणि खाणावळीचं ताट एकाच आकड्यात बसवलेलं असतं.

अशा ताटाची किंमत काढता येत नाही, हेही खरं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये शिवभोजन थाळी सुरू केली तेव्हा ती काढली: दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण; शहरात ५० रुपये, गावात ३५. जेवणाऱ्याने दहा द्यायचे, बाकीचे सरकारने. रांधणाऱ्याची मजुरी, भाडं, इंधन सगळं त्यातच. ही रक्कम पुरते का, यावर खुशाल भांडावं, पण निदान भांडायला एक आकडा आहे, जो घरच्या चकलीला कधीच नव्हता. त्याहून तातडीचा प्रश्न सरकारी वाट्याच्या थकबाकीचा आहे. २०२५ मध्ये केंद्रचालक महिनोन्‌महिने थकलेल्या अनुदानासाठी सरकारचे उंबरे झिजवत होते. थाळी बंद न करता तेवढे महिने काढायचे, तर पुन्हा वाण्याची उधारी आणि सावकार.