पाइपलाइन हिरवी दिसते, पण डेटा पोचला का?

संशोधनाची तयारी करताना आपण डेटा गोळा करणं आणि त्याचं विश्लेषण करणं या दोनच पायऱ्यांचा विचार करतो. मधे तिसरी पायरी असते ती म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा एकत्र आणणं, अर्थात डेटा इंटिग्रेशन. हे काम रोज आपोआप चालू लागलं आणि त्यावर कोणी निर्णय घेऊ लागलं, की ते 'प्रॉडक्शन'मध्ये गेलं असं म्हणतात. तिथे सगळ्यात मोठा धोका कोणता? पाइपलाइन बंद पडण्याचा नाही. ती गुपचूप चुकण्याचा.

इंग्लंड, २०२०

कोविड चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइलमध्ये यायचे. पब्लिक हेल्थ इंग्लंड ही सरकारी संस्था ते एक्सेलच्या साच्यात घेऊन पुढे पाठवायची. साचा जुन्या एक्सएलएस प्रकारचा होता आणि त्यात फक्त ६५,५३६ ओळी मावतात. एका रुग्णाला अनेक ओळी लागत, त्यामुळे एका फाइलमध्ये जेमतेम १,४०० रुग्ण बसत. उरलेले गळून गेले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरमधले १५,८४१ बाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्या यंत्रणेकडे ही नावं उशिरा पोचली. साथीत असे दिवस फार महाग पडतात.

'एक्सेल वापरू नये' एवढाच धडा यातून घेतला तर तो अपुरा आहे. किती ओळी पाठवल्या आणि किती पोचल्या, ही तुलना वेळेवर झाली नाही, हे खरं दुखणं.

मग काय करायचं?

१. प्रत्येक टप्प्यावर मोजा. आत आलेल्या ओळी = पुढे गेलेल्या + कारण नोंदवून बाजूला काढलेल्या. हिशोब जुळला नाही तर काम तिथेच थांबलं पाहिजे.

२. मूळ फाइलला हात लावू नका. ती जशी आली तशी तारखेसह जपून ठेवा. चूक महिन्याभराने सापडली तरी मागे जाता येतं.

३. तेच काम दोनदा चाललं तरी निकाल एकच यायला हवा. नेटवर्क तुटतं, काम अर्ध्यात थांबतं आणि पुन्हा चालवावं लागतं. नुसत्या ओळी जोडत गेलात तर त्या दुप्पट होतील. म्हणून प्रत्येक नोंदीला ठरलेली ओळख द्या. ती आधीच असेल तर नोंद अद्ययावत करा, नसेल तरच नवी घाला.

४. 'काम झालं' आणि 'डेटा बरोबर आहे' यांत गल्लत करू नका. अपाची एअरफ्लोसारखं साधन कामांचा क्रम सांभाळतं, फसलेलं काम पुन्हा चालवतं. पण कोड एररशिवाय संपला की ते हिरवा रंग दाखवतं. आतला डेटा तपासायची पायरी आपणच लिहायची असते.

आपल्या थीसिसमध्ये

समजा, २०११ च्या जनगणनेचा महाराष्ट्राचा जिल्हावार डेटा तुम्ही आजच्या डेटाशी जिल्ह्याच्या नावावरून जोडताय. जनगणनेत ३५ जिल्हे, आज ३६. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावं बदलली. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. बाकी सगळी स्पेलिंग जुळली तरी इनर जॉइन फक्त ३२ ओळी देईल, आणि एररही येणार नाही! फुल आउटर जॉइन केला तर न जुळलेली नावं समोर दिसतात.

मात्र ठाणे दोन्हीकडे जुळेल आणि तरीही चुकीचं असेल, कारण २०११ चं ठाणे पालघरसकट होतं. ही चूक ओळी मोजून सापडत नाही. त्यासाठी आपला विषयच माहीत असावा लागतो.

म्हणून पुढचा जॉइन चालवण्याआधी किती ओळी अपेक्षित आहेत, तो आकडा कागदावर लिहा. मगच एंटर दाबा.