ग्लोव्ह बॉक्सचा लॅच: दोष शोधणे आणि दुरुस्ती

दोन आसनी स्पोर्ट्स कारचे सस्पेन्शन बहुधा कडक असते. रस्त्याचे हादरे थेट डॅशबोर्डपर्यंत पोहोचतात आणि लॅच ढिला असेल तर ग्लोव्ह बॉक्सचे झाकण चालत्या गाडीत प्रवाशाच्या गुडघ्यावर उघडते. हा दोष किरकोळ समजू नका. अपघातातही हे झाकण बंद राहिले पाहिजे, अशी अट अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस 201 या मानकात आहे.

बहुतेक लॅचमध्ये स्प्रिंगने ढकललेला आकडा समोरच्या स्ट्रायकरमध्ये अडकतो. झाकण उघडून आकडा बोटाने दाबा आणि सोडा. तो झटकन परत आला, तर दोष बहुधा जुळणीत आहे. स्ट्रायकर स्क्रूने बसवलेला असेल तर त्याची मूळ जागा पेन्सिलने आखा, स्क्रू सैल करा, एखादा मिलिमीटर सरकवून पाहा. इथे विद्यार्थी हमखास स्क्रू जास्त आवळतात आणि प्लॅस्टिकमधले आटे जातात!

आकडा अडखळत परतत असेल, तर साचलेली धूळ काढा, स्प्रिंग तपासा. आकडाच वाकलेला दिसला, तर मात्र जुळणीचा उपयोग नाही. सततच्या भाराखाली, उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकचा आकार हळूहळू कायमचा बदलतो; यालाच क्रीप म्हणतात. अशा वेळी लॅच नवाच बसवा.