सतीश आळेकर : नाटककार-दिग्दर्शकाची वाटचाल

साठोत्तरी मराठी रंगभूमीवर स्वतःचे नाटक स्वतःच बसविणारे लेखक मोजकेच. सतीश आळेकर (जन्म १९४९) हे त्यांतील ठळक नाव होय. पुणे विद्यापीठातून जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन ते बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात संशोधनाचे काम करीत. नाटक हा नोकरीबाहेरचा व्याप होता. 'घाशीराम कोतवाल'वरून (१९७२) वाद उद्भवल्यानंतर १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत आळेकर होते.

'महानिर्वाण' (१९७४) त्यांनी लिहिले, दिग्दर्शित केले आणि त्यातील नानाची भूमिकाही केली. मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करतात. दहन जुन्याच स्मशानात व्हावे हा त्यांचा हट्ट, आणि ते स्मशान तर बंद होत आहे. मृत्यूचे कर्मकांड चाळकरी ज्या सराईतपणे उरकतात, त्यातील विनोद संवादापेक्षा लयीत अधिक आहे. म्हणूनच हे नाटक केवळ संहिता म्हणून शिकविताना अडचण होते. शिरूर-दौंड परिसरातील विद्यार्थ्याने हरिनाम सप्ताहात कीर्तन ऐकलेले असते, ही जमेची बाजू. परंतु ते कीर्तन वारकरी पद्धतीचे. भाऊरावांचा बाज आख्यान लावणाऱ्या हरिदासाचा. हा फरक वर्गात चालीवर म्हणून दाखविल्याखेरीज स्पष्ट होत नाही. टिपणे उतरवून देण्याची आपली सवय येथे निरुपयोगी ठरते.

'बेगम बर्वे'त (१९७९) संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकणारा बर्वे आणि दोन कारकून यांची स्वप्ने एकमेकांत मिसळतात. नाट्यपद सुरू होताच वास्तव मागे सरते. लेखक-दिग्दर्शक एकच असल्याचा लाभ येथे सर्वाधिक जाणवतो : स्थित्यंतराचे काम गाण्यावर सोपविलेले आहे. आळेकरांची सर्वांत परिपक्व कृती हीच म्हणावी लागेल. 'शनिवार रविवार', 'दुसरा सामना', 'अतिरेकी' ही नंतरची नाटके.

१९९६ ते २००९ या काळात त्यांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा सांभाळली. संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९९४ मध्ये, तर पद्मश्री २०१२ मध्ये त्यांना मिळाली. दरम्यान २००५ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाने 'बेगम बर्वे' इंग्रजीतून बसविण्यासाठी त्यांना पाचारण केले. नाट्यपदांची स्मृतीच नसलेल्या प्रेक्षकांपुढे ते नाटक उभे करायचे होते.