सुट्टीच्या कागदात दडलेल्या खाटा

सकाळी साडेनऊला डॉक्टर राउंडला येतात. टाके बघतात, ताप विचारतात, केसपेपरवर दोन ओळी लिहितात आणि म्हणतात, "आज सुट्टी." खाटेवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर रंग येतो. नातेवाईक पिशव्या भरायला लागतात, गावाकडे फोन जातो. मग दुपारचे दोन वाजतात आणि सगळे अजून तिथेच असतात. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमचं सरकारी रुग्णालय असो, बार्शीचा मोठा दवाखाना असो की पुण्यातलं चकचकीत हॉस्पिटल, हा अनुभव घेतला नाही असं घर आपल्याकडे शोधून सापडणार नाही.

आजार उतरला, उपचार संपले, डॉक्टरांनी परवानगी दिली. मग हे चार-पाच तास जातात कुठे? जगभरची रुग्णालयं आता या तासांच्या मागे संगणक घेऊन लागली आहेत. कारण या रिकाम्या वाटणाऱ्या तासांत खाटा दडलेल्या आहेत, आणि त्या मिळवायला नवी इमारत बांधावी लागत नाही.

आधी फाइलच्या मागे चालत जाऊ. खासगी हॉस्पिटलात "सुट्टी" म्हटल्यावर डॉक्टर किंवा त्यांचे सहायक डिस्चार्ज कार्ड लिहायला घेतात: निदान काय, तपासण्या कोणत्या, उपचार कोणते, घरी औषधं कोणती, परत कधी यायचं. सिस्टर न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाइन मोजून मेडिकलला परत पाठवतात. मेडिकलवाला ती वजा करतो. लॅबचा एखादा रिपोर्ट राहिलेला असतो. मग फाइल बिलिंगला जाते, तिथून विम्याच्या टेबलावर, तिथून विमा कंपनीकडे. कंपनी एक शंका काढते, उत्तर जातं, मंजुरी येते, पैसे भरले जातात आणि गेट पास मिळतो. प्रत्येक टेबलावरचं काम काही मिनिटांचं. बाकीचा सगळा वेळ फाइल कुठल्या तरी टेबलावर, कुठल्या तरी गठ्ठ्यात, कुणाची तरी वाट बघत पडलेली असते.

भूममध्ये चित्र थोडं वेगळं आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत झाले. तेव्हाचे आरोग्यमंत्री तानाजी सावंत हे परंडा मतदारसंघाचे आमदार, आणि भूम त्याच मतदारसंघात येतं. म्हणजे इथे बिलाची रांगच नाही. तरीही सुट्टीला वेळ लागू शकतो, कारण बिल हा सुट्टीचा एक तुकडा आहे, सगळी सुट्टी नव्हे.

बाळंतिणीची सुट्टी जवळून बघा. बाळाला बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बीचा पहिला डोस मिळाला की नाही, याची नोंद हवी. जन्माची नोंद हवी. जननी सुरक्षा योजनेत ती बसत असेल तर ग्रामीण भागासाठीच्या 700 रुपयांकरता बँकेच्या पासबुकाची प्रत हवी. लोहाच्या गोळ्या द्यायच्या, पुढची लसीकरणाची तारीख सांगायची. 2011 साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आई आणि बाळाला घरी सोडायला मोफत गाडी मिळते, ती 102 ची गाडी बोलवायची. यातलं एकही काम फालतू नाही. पण कागदावर चालणाऱ्या वॉर्डात तेच नाव, तेच वय, तेच गाव सिस्टरना या रजिस्टरमध्ये, त्या रजिस्टरमध्ये आणि पुन्हा कार्डावर लिहावं लागतं. त्याच वेळी पलीकडच्या खाटेवरचं सलाइन संपत आलेलं असतं.

आता गणिताकडे येऊ, कारण खरी चकित करणारी गोष्ट तिथे आहे. 1961 साली जॉन लिटल या अमेरिकी संशोधकानं एक नियम सिद्ध केला. तो इतका साधा आहे की त्याला सिद्धतेची गरज होती, यावरच विश्वास बसत नाही. एखाद्या जागेत सरासरी किती माणसं असतात? दर तासाला जितकी आत येतात, गुणिले प्रत्येक जण सरासरी जितके तास थांबतो. बस्स, एवढंच. पंढरपूरच्या दर्शनबारीत मिनिटाला 30 जण पुढे सरकत असतील आणि प्रत्येकाला 10 तास लागत असतील, तर बारीत 18,000 माणसं उभी आहेत. मोजायला जायची गरज नाही.

हाच नियम वॉर्डाला लावा. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारण 30 खाटा. समजा सगळ्या खाटा भरलेल्या आहेत आणि पेशंट सरासरी 3 दिवस, म्हणजे 72 तास राहतो. मग रोज 10 जण घरी जातात आणि 10 नवे येतात. आता त्या 72 तासांतले शेवटचे 4 तास निव्वळ कागदांची वाट बघण्यात जात असतील, तर रोज 10 गुणिले 4, म्हणजे 40 खाट-तास वाया गेले. एका खाटेचा दिवस 24 तासांचा. म्हणजे 30 पैकी जवळजवळ पावणेदोन खाटा रोज अशा माणसांनी अडवलेल्या आहेत, ज्यांना तिथे राहायचंच नाही.

हे 4 तास वाचले तर सरासरी मुक्काम 68 तासांचा होतो. त्याच 30 खाटांवर वर्षाला दोनशेच्या वर जास्त पेशंट दाखल करता येतात. एक वीट न लावता, एक पलंग न घेता. हे आकडे भूमच्या रुग्णालयाचे नाहीत, नियम समजावा म्हणून धरलेले आहेत. पण आपल्या गावच्या रुग्णालयाचे खरे आकडे घालून कुणीही हे गणित पाटीवर सोडवू शकतो.

आणखी एक किंमत आहे, ती कुठल्याच वहीत चढत नाही. पेशंटपाशी एक माणूस थांबलेला असतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. चार तास म्हणजे अर्धा दिवस, 156 रुपये. वर्षाला 3,650 सुट्ट्या धरल्या तर साडेपाच लाख रुपयांच्या वर मजुरी वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून बुडते. भूमच्या आसपासच्या ईट, पाथरुड, वालवड किंवा माणकेश्वरच्या घराला त्या दिवसाचं दूध, खव्याच्या भट्टीचं काम, शेतातलं पाणी यांचा हिशेबही त्यात धरायला हवा. उपचार मोफत झाले तरी ही किंमत त्या घरानं मोजलेलीच असते.

मग सुट्टीचे कागद सांभाळणारं संगणकाचं यंत्र नेमकं काय करतं? पहिलं काम, लिहिणं वाचवतं. दाखल होताना एकदा घातलेलं नाव, वय, गाव, रक्तगट पुढे प्रत्येक कागदावर आपोआप उतरतं. रोजच्या तपासण्या आणि औषधं संगणकात नोंदलेली असतील तर डिस्चार्ज कार्डाचा कच्चा मसुदा सुट्टीच्या आधीच तयार असतो. डॉक्टरांनी तो वाचायचा, दुरुस्त करायचा आणि सही करायची. दुसरं काम जास्त मोलाचं आहे. कागदाची फाइल एका वेळी एकाच टेबलावर असू शकते. संगणकातली नोंद एकाच क्षणी मेडिकलला, लॅबला, बिलिंगला, गाडीच्या ड्रायव्हरला आणि सफाईच्या मावशींना दिसते. एकामागून एक होणारी कामं शेजारी शेजारी सुरू होतात. कुणी जोरात धावत नाही, तरी सगळे लवकर पोचतात. तिसरं काम, आदल्या संध्याकाळीच उद्याच्या संभाव्य सुट्ट्यांची यादी निघते आणि राहिलेला रिपोर्ट रात्रीच मागवता येतो.

जिथे पैसे विम्यातून किंवा योजनेतून येतात, तिथे बचत रुपयांत दिसते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधीचा अवतार 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झाला. शेजारचा सोलापूर त्यात होता, आपला धाराशिव जिल्हा 2013 च्या नोव्हेंबरात उरलेल्या राज्याबरोबर आला. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शस्त्रक्रियेच्या बहुतेक पॅकेजांत रक्कम ठरलेली असते, त्यामुळे पेशंट खाटेवर एक दिवस जास्त राहिला तर तो खर्च रुग्णालयाचा. दावा ऑनलाइन जातो आणि डिस्चार्जचे कागद अपुरे असतील तर पैसे अडकतात. नीट भरलेलं कार्ड म्हणजे रुग्णालयासाठी वेळेवर आलेले पैसे. खासगी विम्यातही वेळेला आता किंमत लागली आहे. विमा नियामकानं 29 मे 2024 च्या परिपत्रकात सांगितलं की, सुट्टीच्या वेळी रुग्णालयाकडून मागणी आल्यापासून तीन तासांत कॅशलेसची अंतिम मंजुरी द्यावी. त्याहून उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयानं जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीनं सोसायचे.

पण सगळ्यात मोठी बचत दाराबाहेर, पेशंट घरी गेल्यावर होते. अमेरिकेतल्या बॉस्टन मेडिकल सेंटरमध्ये डॉ. ब्रायन जॅक आणि सहकाऱ्यांनी सुट्टीची पद्धतच नव्यानं बांधली. 749 पेशंटवर केलेला हा अभ्यास 2009 साली छापून आला. अर्ध्या पेशंटना नर्सनं बसून आजार समजावला, चित्रांची सोपी पुस्तिका दिली, पुढच्या तपासणीची वेळ ठरवून दिली. दोन-चार दिवसांनी औषधतज्ज्ञानं फोन करून गोळ्या कशा चालल्यात ते विचारलं. पुढच्या 30 दिवसांत या पेशंटचं रुग्णालयात परत येणं सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालं आणि माणशी सरासरी 412 डॉलर वाचले.

फक्त एक अडचण होती. प्रत्येक पेशंटमागे नर्सचा सुमारे दीड तास जायचा. मग त्यांनी लुईस तयार केली. लुईस म्हणजे खाटेजवळ आणलेल्या पडद्यावर बोलणारी संगणकातली नर्स. ती पुस्तिकेचं पान उघडते, समजावते, प्रश्न विचारते, उत्तर चुकलं तर पुन्हा सांगते आणि जे समजलं नाही ते खऱ्या नर्सला कळवते. पाहणीत बहुतेक पेशंटनी सांगितलं की ही माहिती डॉक्टर किंवा नर्सपेक्षा लुईसकडून घेणं त्यांना जास्त आवडेल. कारण तिला घाई नव्हती. तेच पाचव्यांदा विचारलं तरी ती तितक्याच शांतपणे सांगायची.

हे वाचून मला आपली डिस्चार्ज कार्डं आठवतात. 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस' अशा खुणा, आणि त्या धावत्या अक्षरात. पाथरुडच्या आजीला त्यातून काय कळणार? संगणकातून तेच कार्ड "सकाळी 1, रात्री 1, जेवणानंतर, 5 दिवस" असं मोठ्या मराठी अक्षरात निघू शकतं, शेजारी सूर्य आणि चंद्राचं चित्र घालून. चुकीच्या गोळीमुळे आठ दिवसांनी पुन्हा दाखल होणारा एक माणूस वाचला, तर एका सुट्टीतले चार तास नव्हे, अख्खा मुक्काम वाचतो.

यंत्र आणलं म्हणजे बचत झाली, असं मात्र नाही. संगणकही भरायचा आणि रजिस्टरही लिहायचं, अशी दुहेरी पद्धत राहिली तर सिस्टरचं काम वाढतं. मोकळी झालेली खाट भरायला पेशंट नसेल तर तिचे पैसे वाचत नाहीत, कारण पगार, वीज, इमारत तेवढीच राहते. आणि व्यवस्था एकाच कंपनीच्या हातात असेल तर काय होतं, ते महाराष्ट्रानं जुलै 2022 मध्ये पाहिलं. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक व्यवस्था कंत्राट संपताच बंद झाली आणि मोठमोठी रुग्णालयं पुन्हा कागदावर आली. म्हणून 2021 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं महत्त्व. त्यात डिस्चार्जच्या नोंदीचा ठरावीक साचा आहे आणि ती 14 अंकी आभा क्रमांकाला जोडता येते. भूमची नोंद धाराशिव, बार्शी किंवा पुण्याच्या डॉक्टरला जशीच्या तशी वाचता येईल, ही सोय त्या साच्यात आहे.

माझं मत स्पष्ट आहे. या यंत्राची पहिली गरज मोठ्या शहरांना नाही, भूमसारख्या तालुक्याच्या गावांना आहे. जिथे खाटा मोजक्या, सिस्टर मोजक्या आणि दुपारची एसटी चुकली की घर लांब, तिथे वाचलेला प्रत्येक तास जास्त वजनाचा. सुरुवात तर संगणकाशिवायही करता येईल. "सुट्टी" म्हटल्याची वेळ आणि खाट मोकळी झाल्याची वेळ, या दोन वेळा महिनाभर केसपेपरवर लिहा. किती वेळ झिरपतो ते त्यातूनच दिसेल.

आणि तुम्ही पेशंटबरोबर असाल तर दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच विचारा, सुट्टी साधारण कधी? आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या प्रती तेव्हाच तयार ठेवा. निघताना कार्डावरची प्रत्येक गोळी कधी घ्यायची, काय झालं तर लगेच परत यायचं आणि पुढची तारीख कोणती, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.